पोट बिघडलेले पायलट

आमच्या कंपनीत पायलट थकत नाहीत. त्यांचं पोट बिघडतं.

नोकरीला लागले त्याच महिन्यात ऑपरेशन्स मॅनेजरनं मला हे समजावून सांगितलं. मुंबईच्या ऑफिसात बसून विमानांचं वेळापत्रक ठरवणारा आणि आम्हाला फोनवरून गावोगाव पिटाळणारा हा माणूस. तो स्वभावानं वाईट नाही, त्याच्या खुर्चीचा स्वभाव वाईट आहे. तो म्हणाला, "मॅडम, नसेल जमत तर नका उडू. पण कारण देताना थकवा म्हणू नका. थकवा म्हटलं की पायलटला कुणी थकवलं, असा प्रश्न येतो. पोटाचं बरं असतं. पोटाला कुणी जबाबदार नसतं."

त्यामुळे डॉक्टरांनी दरवर्षी ठोकून-बजावून पास केलेले आमचे धडधाकट वैमानिक कागदोपत्री कायम जुलाबानं बेजार असतात. बाहेरच्या कुणी ते कागद पाहिले तर त्याला वाटेल, देशातले श्रीमंत लोक पटकीच्या रुग्णांच्या भरवशावर आकाशात फिरताहेत.

मी आठ आसनी बिझनेस जेटवर को-पायलट आहे. पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पगार येतो. तो दोन तुकड्यांत असतो, हे त्यांना माहीत नसतं. एक लहान तुकडा दरमहा ठरलेला, आणि दुसरा विमान हवेत असेल तेवढ्याच वेळाचा. वाट पाहणं म्हणजे उडणं नव्हे, म्हणून त्याचे पैसे नाहीत. आणि आमचा खरा धंदा वाट पाहण्याचाच आहे. साहेबांना गावाला पोचवायला पाऊण तास लागतो, साहेबांना गावातून निघायला दिवस लागतो. या वाट पाहण्यात मी इतकी पुस्तकं वाचली आहेत की कंपनीनं मला पायलट केलं की ग्रंथपाल, असा प्रश्न पडावा. ते वाचनही फुकटच.

शिवाय बाँड. या विशिष्ट विमानाचं शिक्षण कंपनीनं परदेशात पाठवून दिलं, त्या बदल्यात काही वर्षं नोकरी सोडायची नाही. सोडली तर शिक्षणाचा सगळा खर्च भरायचा. त्यासाठी तारीख न टाकलेले माझ्या सहीचे चेक ऑफिसच्या कपाटात आहेत. मूळ उडायला शिकले ते वडलांच्या पैशांवर. बिडकीनकडची त्यांच्या वाट्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तिचा मोबदला माझ्या लायसन्सात गेला. जमीन गेली आणि मुलगी उडाली, असं वडील पाहुण्यांना सांगतात. ते विनोदानं सांगतात, असा माझा समज आहे.

या छोट्या विमानात हवाई सुंदरी नसते. बर्फ, वर्तमानपत्रं, सुकामेवा, ओले रुमाल आणि मागचं स्वच्छतागृह हे सगळं को-पायलटकडे. खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या लावून मी ते स्वच्छतागृह पुसते. पट्ट्या असल्यामुळे त्या कामाला प्रतिष्ठा येते, असं ऑफिसचं मत आहे.

मला चौथी पट्टी हवी होती. चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन, डावी खुर्ची आणि दुपटीच्या आसपास पगार. आणि मुख्य म्हणजे दुसरीकडे नोकरी मिळण्याची ताकद, म्हणजे ते कपाट उघडण्याची किल्ली. माझे उड्डाणाचे तास भरले होते, परीक्षा झाल्या होत्या. फक्त शेवटचं चेक-उड्डाण राहिलं होतं. परीक्षक शेजारी बसून बघतो आणि पास करतो. ते कधी घ्यायचं हे कंपनी ठरवते. माझं पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या समितीनं माझा सत्कार ठरवायला सभाही घेऊन टाकली होती. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, कुणाचा फोटो बॅनरवर किती मोठा, यावरून दोन गट पडल्याचंही कानावर आलं होतं. माझा फोटो टाकायचा की नाही, हे अजून ठरायचं होतं.

तर हा त्याच्या आधीच्या आठवड्यातला मे महिन्यातला दिवस.

आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत उडालो होतो. त्या दिवशी उजाडायच्या आत मुंबईत हजर. तिथून इंदूर, इंदूरहून नागपूर, आणि नागपूरला साहेबांना घेऊन माझ्याच गावी, छत्रपती संभाजीनगरला. साहेब म्हणजे आमचं विमान सगळ्यात जास्त भाड्यानं घेणारे उद्योगपती. त्यांना ऑफिसातही साहेबच म्हणतात, त्यामुळे आमचा मालक कोण, याबद्दल नव्या माणसाचा गोंधळ होतो. जुन्या माणसाचा होत नाही. खुलताबाद रोडवरच्या एका रिसॉर्टवर त्यांच्या भागीदाराच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता टाकून दोन तासांत मुंबईला निघायचं, असं ठरलं होतं.

डाव्या खुर्चीत आमचे कॅप्टन होते. साताऱ्याचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझ्या चेक-उड्डाणाची शिफारस त्यांनीच केली होती. चिकलठाण्याला उतरताना टॉवरनं आम्हाला दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी आवाज चढला तेव्हा आम्हाला ऐकू आलं. विमान उभं करून इंजिनं बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या दोन वेळा तू ऐकलंस?"

"नाही सर."

"मीही नाही." रेडिओ बिघडला नव्हता. आम्ही दोघं बिघडलो होतो.

मग वाट पाहणं सुरू झालं. नियम असा की, ड्यूटी हजर झाल्या क्षणापासून मोजायची आणि तिला मर्यादा आहे. मधे वैमानिकाला खऱ्याखुऱ्या खोलीत, पलंगावर, पुरेसा आराम मिळाला तर ती मर्यादा थोडी वाढते. मॅनेजरचा फोन आला, "हॉटेलात तुमची रूम बुक केलीये."

"मग जातो आम्ही," कॅप्टन म्हणाले.

"जाऊ नका सर! साहेब कधीही निघतील."

म्हणजे खोली हॉटेलात, आणि आम्ही विमानतळावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत. तिकडे आमच्या नावाचा एसी थंडगार आराम करत होता.

"साहेब निघालेत" या वाक्याविषयीही सांगायला हवं. त्याचा अर्थ साहेब निघाले असा होत नाही. साहेबांना निघायचं आहे हे साहेबांना आठवलं, इतकाच होतो. पण ते वाक्य आलं की आम्ही धावायचं. बाहेरून वीज पुरवणारी गाडी विमानाला लावायची म्हणजे आत एसी चालतो. तिचं भाडं पडतं, म्हणून प्रवासी येत नाही तोवर ती लावायला बंदी. त्या दुपारी "निघालेत" चार वेळा आलं. चार वेळा आम्ही विमान गार केलं आणि चार वेळा ते पुन्हा तापलं. गार करायचं ते सीटच्या चामड्यासाठी. आम्ही पंखाखालच्या सावलीत उभे होतो, आणि खालचं काँक्रीट बुटांच्या तळव्यातून वर येत होतं.

माझं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी जाऊ शकत नव्हते, म्हणून आई आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, पण आवाज निवृत्त झालेला नाही. गेटवरच्या जवानाशी तिचं चाललेलं मला लांबूनच ऐकू आलं.

"पोरगी हाय माझी आत. विमान चालवती."

"मॅडम, पास लगेगा."

"डब्याला बी पास लागतो व्हय?"

मी गेटबाहेर गेले. तिनं मला खालून वर पाहिलं. "लई वाळलीस गं. आन् डोळे बघ, तांबडेलाल. झोपतीस का नाय?"

"झोपते गं."

"कुठं? विमानात?" तिनं डबा हातात दिला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. "तुझ्या त्या मोठ्या सायबाला बी दे. सातारकरांना तिखट चालतं का बघ. आन् ते कप्तानाचं? पुढच्या हप्त्यात पक्कं ना? ते समितीवाले रोज दारात हायेत."

"पक्कं आहे."

"मग आता काय गडबड करू नको," ती म्हणाली. जणू गडबड करणं माझा छंदच होता.

डबा आम्ही दोघांनी पंखाखाली उभ्यानं खाल्ला. लग्नाच्या पंगतीतून आम्हाला काही आलं नाही. आले ते आंबे. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर केसर आंब्याच्या पेट्या घेऊन आला. यजमानांची भेट. पेट्या वेळेवर आल्या, साहेब आले नाहीत. ड्रायव्हर जालन्याकडचा, धनगराच्या घरातला, बापाची मेंढरं अजून आहेत म्हणाला. साहेब मराठवाड्यात आले की तोच गाडीवर असतो. त्या दिवशी तोही पहाटेपासून फिरत होता, पाहुण्यांना आणायला-सोडायला. पेट्या उतरवताना म्हणाला, "म्याडम, तुमचं आन् आमचं एकच हाय बघा. फक्त तुमची गाडी उडती."

"तुम्हाला जेवण तरी मिळालं ना?"

"मिळालं की. ड्रायव्हरची पंगत येगळी बसली व्हती. पायलटची नाय का?"

मी नाही म्हटल्यावर त्याला माझ्याविषयी मनापासून वाईट वाटलं.

आता हिशेब बदलला होता. कडक उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो, विमानाला धावपट्टी जास्त लागते. त्यात या पेट्या. वजनकाटा नाही, म्हणून मी एकेक पेटी हातानं उचलून अंदाज सांगत होते आणि कॅप्टन आकडे मांडत होते. रोजचं काम. त्यांनी तीच बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. मी केली, ती चौथीच आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ड्यूटीची मर्यादा तोवर उलटून गेली होती.

कॅप्टननी पेन खिशात ठेवलं. "मी आज उडवणार नाही. आणि आज पोट बिघडवायचंही नाही मला. पुष्कळ वर्षं बिघडवलं." मग म्हणाले, "तुझा चेक आहे. तू पोट दुखतंय म्हण आणि बाजूला हो. माझ्या मनात काही येणार नाही."

मी उत्तर द्यायच्या आत गाड्यांचा ताफा आला.

साहेब उतरले. डोक्याला लग्नातला फेटा, गळ्यात हार तसाच. बरोबर त्यांच्या दुसऱ्या एका भागीदाराचं कुटुंबही होतं, जे आमच्या यादीत नव्हतं. आम्ही टोप्या घालून शिडीपाशी उभे. कॅप्टन दोन पावलं पुढे गेले.

"साहेब, आज आम्हाला उडता येणार नाही."

"का? विमानात काही बिघाड?"

"विमान ठीक आहे. आम्ही थकलोय."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आधी कुतूहल आलं. घरातला फ्रीज एकाएकी बोलू लागला तर माणूस असाच बघेल. "थकलाय म्हणजे? दुपारपासून बसूनच तर आहात."

"उन्हात बसलोय, साहेब. पहाटे अंधारात सुरुवात केली. ड्यूटी संपली, नियमानंही आणि आमच्या डोक्यानंही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. मोठमोठे प्रश्न चुटकीसरशी सोडवणाऱ्या माणसाचा उजळतो तसा. "अहो, ही मॅडम आहे ना! फ्रेश दिसतेय. तुम्ही मागे सीट आडवी करून झोपा. ही नेईल."

"दोन पायलट लागतात, साहेब."

"दोन आहेतच की. एक झोपलेला." बरोबरची मंडळी हसली. मग साहेब मला म्हणाले, "तुझं कॅप्टनचं चाललंय ना? मला सांगितलंय ऑफिसनं. घे, आजपासून तू कॅप्टन. मी फोन करतो."

मी आयुष्यात पुष्कळ सत्कार आणि पदग्रहणं पाहिली आहेत, पण फेटा बांधलेल्या माणसानं आंब्याच्या पेट्यांसमोर वैमानिकाला बढती दिलेली पाहिली नव्हती. मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. तो इतका आला की मी टोपी काढून दोन्ही हातांनी धरली. या माणसाला विमान म्हणजे पालखी वाटत होती. भोई थकला तर दुसरा भोई, आणि दुसऱ्याला बक्षीस म्हणून पुढचा दांडा. आणि माझी सगळी वर्षं, वडलांची जमीन, ते कपाट, हे सगळं त्या दांड्याला टांगलेलं आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

"साहेब," मी म्हटलं, "मीही तितकीच थकलेय. आज इथं उतरताना टॉवरनं दोनदा हाक मारली, ती मलाही ऐकू आली नाही. तेव्हा तुम्ही मागे बसला होतात."

आता मात्र कुणी हसलं नाही. त्या दुसऱ्या भागीदाराच्या बायकोनं मुलाचा हात धरून त्याला शिडीपासून मागे ओढलं. साहेबांनी हार काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि वळून ड्रायव्हरला म्हणाले, "चल. मुंबई."

"जी साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

तो पहाटेपासून जागा होता. आमच्याइतकाच, कदाचित जास्त. त्याच्या ड्यूटीला मर्यादा घालणारं पुस्तक त्याच्या खिशात नव्हतं, आणि असतं तरी ते कुणी उघडू दिलं नसतं. आम्ही नाही म्हटलं म्हणून तो हो म्हणाला. मी त्याच्याकडे गेले आणि हळूच म्हटलं, वाटेत थांबा, झोप आली तर सांगा त्यांना. त्यानं मान हलवली. "सायबाला कुणी सांगायचं, म्याडम?" समृद्धी महामार्गावर त्याचा दोनदा डोळा लागला, हे त्यानं नंतर मला फोनवर सांगितलं. दोन्ही वेळा साहेब मागे घोरत होते. पोचले. हे "पोचले" ऐकून सगळे निर्धास्त होतात, आणि म्हणूनच काहीही बदलत नाही.

आंब्याच्या पेट्या विमानातच राहिल्या. कॅप्टन हॉटेलात गेले, आमच्या नावानं दिवसभर आराम केलेल्या त्या खोलीत. मी घरी गेले. बूट काढतेय तोच मॅनेजरचा फोन. आई स्वयंपाकघरात होती, वडील टीव्हीसमोर. मी फोन स्पीकरवर टाकून पाय धुवायला बसले, कारण हातात धरायचंही त्राण नव्हतं.

"मॅडम, झालं ते झालं," तो मऊ आवाजात म्हणाला. "साहेबांना मी शांत करतो. फक्त रिपोर्टात दोघांचंही पोट लिहा. लग्नातलं जेवण बाधलं म्हणा."

"लग्नातलं जेवण आम्हाला मिळालंच नाही."

"बरं, मग बाहेरचं काही खाल्लं असेल?"

"आईनं डबा आणला होता."

"झालं तर!" त्याला खरंच हायसं वाटलं. "घरचा डबा. उन्हानं खराब झाला. दोघांनी खाल्ला, दोघांचं पोट बिघडलं. एकदम फिट बसतं. तुमचा चेक पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे. मी स्वतः बघतो."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. आई हात पुसत बाहेर आली.

"कोण हाय त्यो? माझ्या डब्यानं पोट बिघडलं म्हणतो?"

"आई, थांब."

"थांबू काय! ओ साहेब, भाकरी सकाळची व्हती. तीस वर्षं शाळेत डबा नेला, पोरं माझ्या डब्यातलं खाऊन मोठी झाली. तुमच्या दोन माणसांना दिवसभर उन्हात भाजलं, पाणी विचारलं नाय, आन् नाव माझ्या वांग्याचं? लाज हाय का नाय?"

मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचार करून लिहा."

"विचार झाला," मी म्हटलं. "थकवा लिहिणार."

"मग चेकचं मला सांगता येणार नाही."

"माहीत आहे."

फोन बंद झाल्यावर आईला कळलं की तिच्या भाजीची अब्रू वाचवताना काय गेलं. "म्हणजे कप्तान नाय?"

"आत्ता नाही."

वडील वाळूजच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्टमध्ये राबलेले. टीव्हीचा आवाज बारीक करून म्हणाले, "आमच्यात भोंगा वाजला की मशीन बंद. मालक पुढ्यात उभा असला तरी बंद. तुमच्यात भोंगा कोण वाजवतं?"

मी सांगितलं, ते आमचं आम्हालाच वाजवावं लागतं. "मग अवघड हाय," ते म्हणाले आणि आवाज पुन्हा मोठा केला.

समितीच्या लोकांना आईनंच सांगितलं. त्यातले एक काका मला समजावायला आले. "बेटा, पोट तर पोट. एका शब्दासाठी कशाला एवढं?" मी त्यांना चहा दिला. मला त्यांच्यावर साहेबांपेक्षा जास्त राग आला, कारण ते प्रेमानं बोलत होते.

माझा चेक "कामकाजाच्या अडचणींमुळे" पुढे गेला. कॅप्टनचा करार संपत आला होता, तो पुन्हा झाला नाही. कंपनीला तरुण मंडळी हवी होती म्हणे. तरुण म्हणजे ज्यांची पोटं अजून बरीच वर्षं बिघडू शकतात अशी. ते आता साताऱ्याला असतात. फोन केला की माझ्या चेकचं विचारतात, स्वतःविषयी बोलत नाहीत.

मला काढलं नाही. बाँडमधल्या माणसाला काढणं म्हणजे पिंजऱ्याचं दार आपणच उघडणं. पुढच्या महिन्यात त्याच साहेबांना घेऊन नाशिकला गेलो. डाव्या खुर्चीत माझ्यानंतर नोकरीला लागलेला, आणि माझ्याआधी चार पट्ट्या मिळालेला मुलगा. शिडी चढताना साहेबांनी मला ओळखलं. बरोबरच्या पाहुण्यांना म्हणाले, "या त्या थकणाऱ्या मॅडम." आणि मला, "काय, आज थकला नाहीत ना?"

सगळे हसले. नवा कॅप्टनही थोडासा.

"अजून नाही, साहेब," मी म्हटलं. "तीन वाजता थकणार आहे."

साहेबांनी हसतच घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसणं अर्ध्यावर राहिलं. मी दार ओढून घेतलं आणि जाऊन उजव्या खुर्चीत बसले.

परतीला ते पावणेतीनला आले, घामाघूम होऊन, कुणाशी न बोलता. मुंबईत उतरल्यावर मॅनेजरचा मेसेज आला होता: साहेब विचारत होते, तीनचं बंधन कुणी घातलं? मी उत्तर पाठवलं, मी. माझ्या चेकची तारीख अजून आलेली नाही.